मागच्याच्या चालीने

कोजागरी जवळ आली की सोलापुरातल्या घरांत एक वाद ठरलेला असतो. कॉलेजातली, कारखान्यातली, दुकानातली, बँकेतली पोरं चार-आठ जणांचा गट करून तुळजापूरला चालत जायची तयारी करतात आणि घरातली वडीलधारी माणसं नाक मुरडतात. देवीला जायचं तर मनोभावे जा, हा मित्रांचा घोळका कशाला? रात्रभर गप्पा, ठिकठिकाणी चहा, मोबाइलवर गाणी, पावलापावलाला फोटो. यात देवी कुठे आहे?

हा आक्षेप मला मान्य नाही आणि तो का मान्य नाही हे नीट सांगायला हवं, कारण त्यात थोडं तथ्यही आहे. मित्रांबरोबर चालणं म्हणजे भक्तीत केलेली भेसळ, असं मानणाऱ्यांना आपल्याच परंपरेचा विसर पडला आहे. महाराष्ट्रात लांबची पायी यात्रा एकट्याने करायची गोष्ट कधीच नव्हती. सोबत हाच तिचा गाभा आहे. मात्र ही सोबत निभावण्याची एक अट आहे. गटातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, ही ती अट. ती पाळणारा गट गप्पा मारो, गाणी ऐको की फोटो काढो, तो यात्रेलाच निघाला आहे. न पाळणाऱ्या गटाने तोंडाने कितीही उदो उदो केला तरी त्याची गणना मी यात्रेकरूंत करणार नाही.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी सोलापूरच्या सात रस्ता चौकात थोडा वेळ उभं राहावं. विजापूरच्या बाजूने चालत आलेले लोक शहर ओलांडत असतात. त्यांच्या पायाखालून शंभर किलोमीटर रस्ता गेलेला असतो आणि तुळजापूर अजून पंचेचाळीस किलोमीटरवर असतं. बायकांच्या डोक्यावर गाठोडी, कडेवर किंवा बोटाला मूल, टाचांना भेगा, अनेकांच्या पायांत काहीच नाही. बोलणं कानडी. त्याच चौकात सोलापूरची पोरं एकमेकांची वाट पाहत थांबलेली असतात. नवे बूट, पाठीला सॅक, त्यात आईने बळेच कोंबलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ज्वारीची ही वाळवलेली भाकरी कित्येक दिवस खराब होत नाही, खिशात मोडून ठेवली तरी चालता चालता खाता येते. लांबच्या चालीला याहून चांगली शिदोरी मला माहीत नाही. या पोरांत एकाच्या घरी तेलुगू, एकाच्या घरी कानडी, एकाच्या घरी मराठी. गिरण्या आणि हातमागांनी वसवलेल्या या शहरात मैत्रीला एकच भाषा कधी नव्हती. उशिरा येणाऱ्याला ‘चल की बे लवकर’ एवढं ओरडून झालं की गट निघतो. सिद्धेश्वर, मग रूपाभवानीचं देऊळ, आणि तिथून तुळजापूरचा रस्ता.

या रात्रीला धार्मिक आधार आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजाभवानी पलंगावर निद्रिस्त होते. तो पलंग घोडेगावचा आणि पालखी बुऱ्हाणनगरची. अश्विन पौर्णिमेला देवी पुन्हा सिंहासनावर येते आणि त्या दिवशीच्या छबिन्याला, म्हणजे देवीच्या मिरवणुकीला, सोलापूरच्या मानाच्या काठ्या पोचतात. म्हणजे सोलापूरकराने त्या दिवशी तिथं चालत पोचणं ही अलीकडे निघालेली टूम नव्हे. काठी घेऊन जाणारे गटानेच जातात. एकट्याने काठी न्यायची तर ती न्यावी कशी?

पंढरीच्या वारीकडे पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 मध्ये पालखीची प्रथा घातली आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानोबांच्या पालखीला आजची शिस्त दिली. ही शिस्त नीट पाहिली तर ती जवळजवळ सगळी सोबतीची शिस्त आहे. दिंडीला क्रमांक, क्रमांकाप्रमाणे रथापुढे किंवा रथामागे जागा. पुढे पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी, मागे तुळस आणि पाण्याची कळशी डोक्यावर घेतलेल्या बायका. अभंग चालू असताना कुणाला पुढे पळता येत नाही, कारण पावलं टाळाला बांधलेली असतात आणि टाळ वीणेला. पुढच्याने किती वेगाने चालायचं हे त्याच्या पायांच्या ताकदीवर सोडलेलंच नाही. जेवणाची भिशी सगळ्यांची, सामानाचा ट्रक सगळ्यांचा, राहुटी सगळ्यांची.

त्यातली समाजआरती मला फार मोलाची वाटते. मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोळा होतात, टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड वर करतो आणि हजारो माणसं एका क्षणात गप्प होतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग त्या दिंडीचं म्हणणं ऐकलं जातं. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीची वेळ सांगितली जाते. लांबच्या चालीत माणसं कुरकुरणार, भांडणार, मागे पडणार, त्यांच्या वस्तू हरवणार, हे या लोकांनी गृहीत धरलं आणि त्याची वाट दररोजच्या आरतीतच काढून ठेवली. माणसांना एकत्र चालवणं किती अवघड आहे याची इतकी जाण मला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

2020 सालची आषाढी आठवा. करोनामुळे पालख्यांची पायी वाटचाल रद्द झाली आणि संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपुरात आल्या. पादुका वेळेवर पोचल्या, एकादशीची महापूजा झाली, विठोबा जागेवरच होता. तरी वारी घडली असं म्हणायला वारकऱ्यांचं मन धजेना. रस्त्यावर मागेपुढे चालणारी माणसं नव्हती, एवढंच कमी होतं. त्या वर्षी सगळ्यांना जे चुकल्यासारखं वाटलं त्यातच माझ्या म्हणण्याची साक्ष आहे.

यावर कुणी विचारेल की मग दिंडीतच जावं, मित्रांचा सुटा गट हवा कशाला? सोलापूरकराला तर दिंड्यांचा तोटा नाही. माघी वारीला आणि कार्तिकीला या शहरातून दिंड्या पंढरपूरकडे निघतात. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आषाढीला जाताना सोलापुरात मुक्काम करते आणि सीनाकाठच्या तिऱ्ह्यावरून, कामती, मंगळवेढा करत पंढरीला पोचते. पांढऱ्या पोशाखातल्या तिच्या वारकऱ्यांच्या सरळ रांगा पाहायला सोलापूरकर रस्त्याच्या दुतर्फा उभे राहतात. शिस्त पाहायची तर ती तिथं पाहावी.

पण दिंडीची सोबत आणि मित्रांची सोबत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचं मोल वेगळं आहे. दिंडीत माणूस जन्माने, गावाने, फडाच्या परंपरेने येतो. ती सोबत त्याला मिळते. मित्र त्याने निवडलेला असतो. आणि दिंडीची सोबतही कुठे थांबत होती हे विसरून चालणार नाही. इरावती कर्वे यांनी ‘परिपूर्ती’मधल्या लेखात आपण केलेल्या वारीचं वर्णन केलं आहे. एकाच दिंडीतली माणसं दिवसभर एकत्र गातात, चालतात, आणि जेवायला बसताना ब्राह्मण एकीकडे आणि मराठे दुसरीकडे, हे पाहून त्या अस्वस्थ झाल्या. त्यांचा लेख वारीच्या प्रेमाने भरलेला आहे, म्हणूनच ही अस्वस्थता मनाला अधिक लागते. चोखोबांचं उदाहरण तर आमच्या जिल्ह्यातलंच. मंगळवेढ्याला वेशीचं बांधकाम करताना ते त्याखाली सापडले आणि गेले, आणि त्यांची समाधी पंढरीच्या देवळाच्या पायरीशी आहे, आत नाही. त्यांच्या समाजाला देवळाचं दार उघडायला 1947 साल उजाडावं लागलं आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. शेकडो वर्षं लोक एकत्र चालत होते, पण उंबरठ्याशी आले की सोबत संपत होती.

म्हणून मला मित्रांच्या गटाकडून जास्त अपेक्षा आहे. सात रस्त्यावर जमलेल्या त्या पोरांनी एकमेकांना जात विचारून गट केलेला नसतो, निदान तसं त्यांना वाटत असतं. एका डब्यात चारही हात जातात. दिंडीला जे जमायला पिढ्या लागल्या ते यांच्याकडे आयतं आहे. पण इथंही डोळे उघडे ठेवायला हवेत. गट गल्लीतून होतो, आणि गल्ली बहुतेक वेळा एका समाजाची असते. गट शाळेतून होतो, आणि आता शाळाही फीप्रमाणे वेगवेगळ्या झाल्या आहेत. मुलांच्या गटात मुली क्वचित असतात. बहिणी, वहिन्या, शेजारणी आपला वेगळा गट करून जातात, आणि या रस्त्यावर पौर्णिमेच्या रात्री बायका जितक्या निर्धास्त चालतात तितक्या वर्षातल्या दुसऱ्या कुठल्याच रात्री चालू शकत नाहीत. ही त्या रात्रीची फार मोठी कमाई आहे. तरीही आपला गट कुणाकुणाचा झाला आणि कोण बाहेर राहिलं, हा प्रश्न निघण्यापूर्वी स्वतःला विचारायलाच हवा.

आता त्या अटीकडे येतो. पंचेचाळीस किलोमीटर म्हणजे सपाटीवर तासाला चार-पाच किलोमीटर धरले आणि थांबे मोजले तर सगळी रात्र. पहिले दोन तास कुणालाच काही होत नाही. उळे मागे पडेपर्यंत गट एकत्र असतो, थट्टा चालू असते. मग हळूहळू शरीर बोलू लागतं. घामाने ओले झालेले मोजे, नव्या बुटाची न रुळलेली कड, आणि पायाखाली महामार्गाचा टणक रस्ता. ओली त्वचा घासली की तिचे थर एकमेकांवरून सरकतात आणि मध्ये पाणी साठून फोड येतो. मांड्या घासून सोलवटतात. मिठाचं पाणी पोटात गेलं नसेल तर पोटऱ्यांत गोळे येतात. तामलवाडी ओलांडून माळुंब्र्याच्या पुढे, रात्रीच्या दोन-तीनच्या सुमारास, गटातला एकजण पाय फेंगडे टाकत चालू लागतो. बहुधा तोच वजनाने जड असतो, किंवा दिवसभर उभ्याने काम करून आलेला असतो, किंवा ज्याला चांगले बूट परवडलेले नसतात. आणि तो म्हणतो, ‘तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं.’

संबंध यात्रा या एका वाक्यावर तोलली जाते. हे वाक्य म्हणणारा माणूस भिडस्त असतो. आपल्यामुळे चौघांना उशीर नको, काकड आरती चुकायला नको, रांग वाढायला नको, म्हणून तो म्हणतो. ऐकणाऱ्यांना ते पटकन पटतं, कारण त्यांचे पाय अजून चांगले असतात आणि घाटाखाली पोचल्यावर वरचे दिवे दिसायला लागलेले असतात. ‘लोकेशन पाठव’ असं सांगून ते पुढे होतात. मोबाइलने ही पळवाट फार सोपी करून ठेवली आहे. नकाशावर मित्राचा ठिपका हलताना दिसला की आपण त्याच्या सोबत आहोत असं वाटतं. पण त्या ठिपक्याला कुणी खांदा देत नाही, रस्त्याच्या कडेला बसवून त्याचा बूट कुणी काढत नाही, फोडावर खोबरेल लावून पट्टी कुणी बांधत नाही. घाटाची चढण सगळ्यात शेवटी येते, आणि ज्याचे पाय गेले आहेत त्याला ती एकट्याने चढावी लागते.

मला यात्रेतल्या मैत्रीचा अर्थ त्या वेळी मागे थांबणाऱ्यात दिसतो. त्याचे पाय धडधाकट असतात, त्याला पुढे जाता आलं असतं, तो गेला नाही. पुढच्या पाच किलोमीटरला त्याला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. देवीसमोर त्याने काय मागितलं, त्याला किती स्तोत्रं पाठ आहेत, तो वाटेत कुठली गाणी ऐकत होता, हे मला विचारावंसंही वाटत नाही. त्याने आपला वेग सोडून दिला. आजच्या माणसाला वेगाइतकं प्रिय दुसरं काही नाही, आणि तेच त्याने स्वखुशीने दुसऱ्यासाठी सोडलं. नवसात याहून मोठं काय द्यायचं असतं?

एकट्याने चालण्याची थोर परंपरा जगात आहे, हे मी नाकारत नाही. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर दरवर्षी चार लाखांहून अधिक माणसं यात्रा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र घेतात. ते मिळायला पायी जाणाऱ्याला निदान शंभर किलोमीटर चालावे लागतात. त्यातले पुष्कळजण एकटे निघतात, ज्याने त्याने आपल्या वेगाने चालावं हा तिथला रिवाज आहे, आणि तो त्या समाजाला शोभतो. जपानच्या शिकोकू बेटावरची अठ्ठ्याऐंशी देवळांची प्रदक्षिणा सुमारे बाराशे किलोमीटरची. तिथला यात्रेकरू एकटा दिसला तरी आपल्याबरोबर संत कोबो दाइशी चालत आहेत अशी त्याची श्रद्धा असते आणि ‘आम्ही दोघे’ अशा अर्थाची अक्षरं त्याच्या टोपीवर लिहिलेली असतात. एकांताची इतकी ओढ असलेल्या वाटेवरही माणसाला सोबतीशिवाय चालवत नाही. आपल्याकडे तर ही सोबत हाडामांसाची आहे. तिला फोड येतात, तिला झोप येते, ती चिडते. म्हणून ती अवघड आहे आणि म्हणूनच मला ती श्रेष्ठ वाटते.

तुळजापूरच्या रस्त्यावर सोबतीचा आणखी एक प्रकार दिसतो. गावोगावचे लोक आणि शहरातली मंडळं रात्रभर मांडव टाकून बसतात. दूध, चहा, केळी, उपमा, शेंगदाण्याची चिक्की. काही ठिकाणी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसायची सोय असते, आणि अनोळखी माणूस अनोळखी माणसाच्या तळव्याला तेल चोळत असतो. त्याबद्दल कुणी पैसा घेत नाही. ही माणसं स्वतः तुळजापूरला जात नाहीत, त्यांची यात्रा त्या मांडवातच होते. या सेवेचा मान चालणाऱ्यांनी कसा ठेवला हे दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतं. मैलोन्‌मैल कागदी कप, पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, आणि लगतच्या शेतात उडालेलं प्लास्टिक. काही गटांच्या सोबत मोठ्या आवाजाच्या स्पीकरची गाडी असते, आणि शेजारून शंभर किलोमीटर चालून आलेली, कडेवर झोपलेलं मूल घेतलेली बाई जात असते. वडीलधाऱ्यांच्या आक्षेपात जे तथ्य आहे ते इथं आहे. सोबत म्हणजे फक्त आपले चौघे, बाकीचा रस्ता परका, असं ज्यांना वाटतं त्यांनी रात्रभर चालूनही यात्रा केलेली नाही.

एक गोष्ट प्रशासनाबद्दल. पौर्णिमेच्या त्या दिवसांत सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक वळवली जाते आणि चौपदरी महामार्ग चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतो. हे उत्तम आहे, तसंच चालू राहावं. पण वर्षातल्या बाकीच्या दिवसांत याच शहरात पायी चालणाऱ्याची काय अवस्था आहे? संध्याकाळी सहा-साडेसहाला सात रस्ता ओलांडून दाखवा. सगळ्या बाजूंनी वाहनं अंगावर येतात आणि म्हातारं माणूस पिशवी छातीशी धरून कडेला ताटकळत राहतं. पदपथ असेल तर त्यावर गाड्या उभ्या. ज्या गावाला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजाबरोबर अनवाणी अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा घालायची सवय आहे, ज्याची दैवतंच पायी भेटायची आहेत, त्या गावात रोजचं चालणं इतकं जिवावरचं असावं हे मला लाजिरवाणं वाटतं. तिथंही नियम तोच हवा. रस्ता आखताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवा. सिग्नलची वेळ काठी टेकत जाणाऱ्या आजींना पुरेल एवढी ठेवा.

यंदा जे निघणार आहेत त्यांना माझी विनंती आहे. गट ठरला की सगळ्यात हळू चालणारा कोण ते आधी उघडपणे ठरवा, त्यात कमीपणा नाही. वेळापत्रक त्याच्या पायांवरून करा. आरती सकाळी मिळाली नाही तर दुपारचं दर्शन घ्या, देवी तिथंच आहे. नवे बूट घालून निघू नका, आठवडाभर आधी रुळवा. दोन कोरडे मोजे, मिठाची पुडी, पट्टी आणि तेलाची बाटली हे गटाचं सामान समजा, एकाचं नव्हे. पिशवीत कचऱ्यासाठी एक पोतं ठेवा. ‘तुम्ही व्हा पुढं’ असं कुणी म्हटलं तर ते ऐकू नका, त्याच्याजवळ बसा. आणि आजवर कधी न बोलावलेल्या एकाला, तो दुसऱ्या गल्लीचा असो, दुसऱ्या जातीचा असो, कारखान्यात तुमच्या हाताखाली काम करणारा असो, या वर्षी सात रस्त्यावर बोलवा, आणि तो येईपर्यंत निघू नका.